जीन कोण सुरू करते?

अकोल्यात शिकवायला लागलो त्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. बी.एस्सी.च्या वर्गात फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'जीन' असे लिहिले आणि विचारले, "हे काय असते, कोणाला माहीत आहे?" मागच्या बाकावरचा एक मुलगा लगेच उठला. "सर, माहे बाबा जीनमधीच कामाले हायेत."

वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसलो, पण जरा ओशाळून. वऱ्हाडात जीन म्हणजे कापसापासून सरकी वेगळी करणारा कारखाना, हे मला नुकतेच कळले होते आणि फळ्यावर लिहिताना नेमके आठवले नव्हते. सावरून घ्यायचे म्हणून त्यालाच विचारले, "बाबांची जीन वर्षभर सुरू असते का रे?"

"नाही सर. कापूस आला का सुरू होते. दिवाळीच्या मागंपुढं."

"आणि सुरू कोण करते?"

"मुकादम येते सांगाले." मग जरा थांबून म्हणाला, "पन मुकादमाले कोन सांगते, थे नाही मालूम."

मी त्याला खाली बसवले आणि पाठ पुढे रेटला. गर्भाच्या वाढीचे निम्मे शास्त्र त्या पोराने दोन वाक्यांत सांगून टाकले होते, हे माझ्या ध्यानात यायला पुढची कितीतरी वर्षे गेली. कारखाना तोच, यंत्रे तीच. ती कधी फिरतात आणि कोणाच्या सांगण्यावरून फिरतात, एवढाच प्रश्न. तुमच्या हातातले पुस्तक या मुकादमाविषयी आहे आणि मुकादमाला कोण सांगते त्याविषयीही. लेखक त्याच वर्गात, त्याच मुलाच्या शेजारी बसत. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने तेच हसले होते.

विषयाची सुरुवात एका पेशीपासून. आईचे बीजांड आणि बापाचा शुक्राणू एक झाले की जी पेशी तयार होते तिच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि काही आठवड्यांत त्या गोळ्याला डोके कुठले, पाठ कुठली हे ओळखू येते. या साऱ्या पेशींजवळ जनुकांचा संच एकच. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशीकडे इन्शुलिनचे जनुक असते, पायाच्या अंगठ्यातल्या कातडीकडे हिमोग्लोबिनचे. मग अंगठ्यात रक्तपेशी का तयार होत नाहीत? एके काळी काही जाणत्यांना वाटे की पेशी आपल्या कामाची पाने ठेवून बाकीची फाडून टाकत असावी. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचे केंद्रक काढून ते, स्वतःचे केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातले. त्यातून पोहणारी पिल्ले झाली, पुढे धडधाकट बेडूकही झाले. आतड्याच्या पेशीने एकही पान फाडले नव्हते. वाचले मात्र मोजकेच होते.

काय वाचायचे ते कोण ठरवते, याचा पहिला चांगला पुरावा त्याच्या एक वर्ष आधी पॅरिसमध्ये मिळाला होता. झाकॉब आणि मोनो या दोघांनी एका साध्या जिवाणूत दाखवले की दुधातली साखर पचवणारी जनुके एरवी दाबून धरलेली असतात; साखर आली की पकड सुटते. दाबून धरणारा पदार्थ म्हणजे एक प्रथिन आहे, हे पुढे सिद्ध झाले. डीएनएवरचा सहा ते बारा अक्षरांचा एखादा तुकडा अचूक ओळखून त्यावर जाऊन बसायचे, आणि शेजारच्या जनुकाची नक्कल काढणाऱ्या यंत्रणेला बोलावायचे किंवा अडवायचे, हा अशा प्रथिनांचा धंदा. पाठ्यपुस्तकात त्यांना 'प्रतिलेखन घटक' म्हणतात. तो शब्द मी तीस वर्षे शिकवला आणि एकाही विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेबाहेर ऐकला नाही. लेखकाने 'नियामक प्रथिन' असा शब्द घेतला आहे. बरा आहे.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे ओलिताच्या भाषेत लवकर कळेल. रात्री अकराला लाईन येते, विहिरीवरची मोटर सुरू होते, पाणी दांडाला लागते. पाणी सगळ्यांना एकच. पण कोणता वाफा भिजणार आणि कोणता कोरडा राहणार, हे फावडे घेऊन अंधारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाती. एका वाफ्याचे तोंड तो फोडतो, भरला की मातीने बांधतो, पुढचे फोडतो. नियामक प्रथिन म्हणजे हा फावडेवाला. मात्र इथे एक गंमत आहे जी शेतात नसते. हा फावडेवालाही एखाद्या वाफ्यातच उगवलेला असतो. नियामक प्रथिन हेही प्रथिनच, तेही कोणत्या तरी जनुकावरून तयार होते, आणि ते जनुक सुरू करायला आणखी कोणी फावडेवाला लागतो. एक दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिघांना उठवतो, तिघांपैकी एक उलटून पहिल्याला झोपवतो. माणसाच्या सुमारे २०,००० जनुकांपैकी १,६००च्या आसपास जनुके ही असली मुकादमी करणाऱ्या प्रथिनांची आहेत. दर अकरा-बारा कामकऱ्यांमागे एक मुकादम. सरकारी खात्याच्या मानाने हे प्रमाण काही वाईट नाही.

पण मग सगळ्यांत पहिल्या फावडेवाल्याला कोण उठवते?

फळमाशीच्या बाबतीत याचे उत्तर मिळाले ते जर्मनीत. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८०च्या सुमारास हजारो माश्यांची पैदास करून, त्यांच्या बिघडलेल्या अळ्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. एखाद्या अळीला डोकेच नाही, एखादीचे एकाआड एक खंड गायब. प्रत्येक बिघाडामागे एक जनुक, आणि त्यांतली बरीचशी जनुके नियामक प्रथिनांची निघाली. पुढे बायकॉइड नावाच्या जनुकाचा उलगडा झाला. माशीची आई अंडे घालण्याआधीच त्याच्या एका टोकाला या जनुकाची नक्कल ठेवून देते. अंडे फलित झाले की त्या नकलेवरून प्रथिन तयार होते आणि टोकापासून मागे मागे विरळ होत जाते, पाण्यात पडलेल्या निळीसारखे. जिथे ते दाट, तिथे डोके. आईचे हे जनुक बिघडलेले असेल, तर अळीचे स्वतःचे जनुक कितीही चांगले असो, तिला डोके फुटत नाही. पहिल्या मुकादमाला उठवणारी ती माय. या कामाला १९९५ साली नोबेल मिळाले, एडवर्ड लुईस यांच्यासह.

'माय' हा शब्द मी इथे मुद्दाम वापरला, कारण आता मला वरूड तालुक्यात जायचे आहे. लेखकाने ही हकिगत तिसऱ्या प्रकरणात सांगितली आहे. मी ती थोडी आधीच चोरतो. त्या सहलीला त्यांना घेऊन जाणारा मीच होतो, तेव्हा तेवढा हक्क पोचतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजना घाट हे गाव संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. वरूड-मोर्शीकडच्या बागांमध्ये नागपुरी संत्र्याचे झाड सहसा स्वतःच्या मुळांवर उभे नसते. मुळे असतात जंबेरीची किंवा रंगपूर लिंबाची. जंबेरीचे बी वाफ्यात टाकायचे, रोपे उपटून दुसरीकडे लावायची, खोड पेन्सिलीएवढे झाले की वीतभर उंचीवर साल चिरून त्यात संत्र्याचा डोळा भरायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा फुटला की वरची जंबेरी छाटून टाकायची. सगळ्या बागेची वाढ सारखी हवी, तर खालची जंबेरी सारखी हवी. बियांपासून केलेली रोपे सारखी कशी असतील, हा माझ्यासारख्या पुस्तकी माणसाचा प्रश्न. आंब्याची कोय लावली तर काय निघेल याची आपल्याकडे सहसा कोणी हमी देत नाही.

रोपवाटिकेचे म्हातारे मालक उकिडवे बसून रोपे उपटत होते. त्यांनी एक झुबका उचलला, मुळांची माती पाण्यात खळबळून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवला. एकाच बीच्या फुटक्या टरफलातून तीन कोंब आले होते. दोन जवळजवळ जुळे, तिसरा बारीक, त्याचे पान वेगळ्या घडणीचे.

"पाहा सर, एका बीचे तीन. हे दोन मायवर गेले. याचा काही नेम नाही." असे म्हणून त्यांनी तिसरा कोंब नखाने तोडून बांधावर फेकला.

"कशावरून?"

"पान पाहा ना. अन् हे एक तं सगळ्याच्या मांगं राह्यते, नाही तं सगळ्याच्या पुढं पयते. मायवर गेलेले सारखे चालतात."

त्या दिवशी आमच्या मुलांनी वह्यांत लिहून घेतले: 'बहुभ्रूणता'. शब्द बरोबर होता. पण म्हाताऱ्यांचे वाक्य त्याहून बरोबर होते, अक्षरशः बरोबर. संत्र्याच्या बीत एकाहून जास्त भ्रूण असतात हे लेव्हेनहूक या डच माणसाने १७१९ सालीच पाहिले होते. ते येतात कुठून, हे श्ट्रासबुर्गर यांनी १८७८ मध्ये दाखवले. बीजांडात मधोमध एक पिशवी असते, तिच्यात अंडपेशी. परागकण येतो, अंडपेशी फलित होते, तिचा भ्रूण वाढू लागतो. हा आईबाप दोघांचा. पण त्या पिशवीला लागून आईच्या शरीराच्या साध्या पेशी असतात, त्यांना म्हणतात बीजांडकाय. बहुतेक झाडांत या पेशी पिशवीला जागा करून देतात आणि संपून जातात. जंबेरीत, संत्र्यात, मोसंबीत आणि आपल्या कागदी लिंबातही, त्यांतल्या काही पेशी अचानक स्वतःच भ्रूण बनायला लागतात. त्यांना बाप नाही. त्या आईच्याच पेशी, म्हणून त्यांची रोपे म्हणजे आईच, पुन्हा एकदा. मायवर गेलेले नव्हे, मायच. बहुधा हेच जोमाने वाढतात आणि खऱ्याखुऱ्या अपत्याला मागे ढकलतात. अकोल्याकडे कागदी लिंबाची बाग बियांच्या रोपांपासून करतात आणि तरी झाडे एकसारखी निघतात, त्यामागेही हेच. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत मात्र एकच भ्रूण असतो, दोघांचा.

म्हाताऱ्यांच्या त्या कोंबाचे कोडे माझ्या डोक्यात तीस वर्षे पडून होते. साधी पेशी अंडपेशीसारखी का वागू लागते? २०१७ साली चीनमधल्या वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठातील संशोधकांनी लिंबूवर्गीय झाडांची जनुके वाचून काढली आणि बहुभ्रूणतेचा माग एका छोट्या पट्ट्यापर्यंत नेला. त्या पट्ट्यात अकरा जनुके होती, आणि बोट ठेवले गेले ते एका नियामक प्रथिनाच्या जनुकावर. या घराण्यातली प्रथिने इतर वनस्पतींत अंडपेशीच्या घडणीशी जोडलेली असतात. तिथे ती असणे योग्यच. पण बहुभ्रूणी झाडांत या जनुकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे त्याचे वाचन जिथून सुरू व्हायचे त्या भागात, डीएनएचा एक छोटा उपटसुंभ तुकडा येऊन बसलेला आढळला. जागा बदलणाऱ्या अशा तुकड्यांची पहिली ओळख बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरून करून दिली होती. तुकडा बसला तिथे हे जनुक बीजांडात जास्त बोलू लागते, आणि भलत्या पेशी भ्रूण व्हायला निघतात. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी उलटी परीक्षा घेतली. मोसंबीच्या एका जातीत हेच जनुक दाबले, आणि त्या झाडांच्या बियांतले बिनबापाचे भ्रूण नाहीसे झाले.

वरूडपासून आकोटपर्यंतच्या बागा, आंबिया बहार आणि मृग बहार, ट्रकभर जाणारी संत्री, त्या सगळ्याचा पाया म्हणजे एकसारखी जंबेरी. आणि जंबेरीच्या सारखेपणाचा पाया म्हणजे कोणे एके काळी चुकीच्या उंबरठ्यावर येऊन बसलेला हा तुकडा. मुकादम जुनाच. कामाची जागा तेवढी नवी मिळाली. उत्क्रांतीत नवीन नवीन प्रथिने घडली म्हणून नवीन नवीन रूपे आली, असे आम्ही शिकलो आणि शिकवले. ते खोटे नाही, पण जुनेच प्रथिन कुठे आणि केव्हा तयार होते याने किती उलथापालथ होते, हे आमच्या शिकवण्यात नव्हते. या पुस्तकात ते पानोपानी आहे.

संत्र्याचे एवढे केले तर कापूस रुसेल, म्हणून थोडे त्याचे. पऱ्हाटीचे फूल सकाळी दुधाळ पिवळे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते. आपण बोंड फुटल्यावर कापूस पाहतो, पण तो किती येणार याचा बराचसा निकाल फूल उमलते त्या सुमारासच लागलेला असतो. कोवळ्या बीजांडाच्या सालीवरच्या पेशींपैकी पाव ते तिसरा हिस्सा पेशी त्या दिवसांत वर फुगू लागतात. त्यांतली प्रत्येक पेशी पुढे अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते. कापसाचा एक धागा म्हणजे एक पेशी. कोणत्या पेशीने फुगायचे हे सांगणाऱ्यांत 'मिब' घराण्यातले एक नियामक प्रथिन मोठ्या मानाचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ मध्ये त्याचे जनुक दाबून दाखवले. बोंडे आली, सरकी आली, आतला गर्भ ठीक, पण सरकी नागडी. अशा सरकीवर अकोल्याची एकही जीन सुरू झाली नसती. फळ्यावरच्या माझ्या 'जीन'चा आणि त्या मुलाच्या बाबांच्या 'जीन'चा असा जवळचा संबंध निघेल, हे त्या वर्गात कोणाच्याही स्वप्नात नव्हते, माझ्या तर नव्हतेच.

प्राण्यांकडे वळतो. आमच्या पिढीने गर्भ पाहिला तो कोंबडीच्या अंड्यात. चोवीस तासांचा, तेहतीस तासांचा, अठ्ठेचाळीस तासांचा भ्रूण, अशा काचपट्ट्या परीक्षेला असत आणि मुले तास पाठ करून येत. मला त्या मेलेल्या पट्ट्यांचा कंटाळा होता. एका मे महिन्यात मी जिवंत भ्रूण दाखवायचा घाट घातला. उबवण्याचे यंत्र साडेसदतीस अंशांवर लावले, आणि प्रयोगशाळेत चव्वेचाळीस. यंत्राला तापवता येत होते, गार करता येत नव्हते. पहिली डझनभर अंडी वाया गेली. अकोल्यात अंडी उबवायला यंत्र लागत नाही, वाचवायला लागते, हा धडा मी तेव्हा शिकलो. मग अंडी ओल्या पोत्याच्या माठाशेजारी ठेवून, दर तासाला तापमापक पाहत, दोन दिवस काढले. अठ्ठेचाळीस तासांनी कोमट मिठाच्या पाण्यात अंडे फोडले. पिवळ्या बलकावर नखाएवढी पारदर्शक आकृती, आणि तिच्या पोटाशी लाल ठिपका, उघडतो, मिटतो, उघडतो. हृदय. रक्ताला जायला अजून धड अंग नाही आणि हृदय कामाला लागलेले. वर्गात एरवी टिवल्याबावल्या करणारी मुले गप्प झाली. एका मुलीने विचारले, "सर, याले कोन सांगते सुरू हो म्हणून?"

पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. आज काही अंशी आहे. फळमाशीत टिनमॅन नावाचे एक जनुक आहे. ते नसेल तर माशीला हृदय होत नाही. नाव आले आहे ते हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसाच्या अमेरिकन बालकथेवरून. त्याचेच नातेवाईक जनुक कोंबडीत, उंदरात आणि माणसातही हृदयाच्या जागी बोलते. माणसात ते बिघडले तर जन्मतः हृदयात दोष राहू शकतो.

कोंबडीच्या भ्रूणावरून पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांचे नाव घेतलेच पाहिजे. त्या एडिंबरोला सी. एच. वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आल्या, १९५७ साली दोघांचा एकत्र शोधनिबंध आहे, आणि पुणे विद्यापीठात त्यांनी या कामाची शाळा उभी केली. त्याच साली वॉडिंग्टन यांच्या एका पुस्तकात ते प्रसिद्ध चित्र आले. डोंगराच्या माथ्यावर एक गोटी ठेवली आहे, खाली उतारावर फाटे फुटत गेलेल्या दऱ्या. गोटी म्हणजे पेशी. प्रत्येक फाट्यावर ती इकडे किंवा तिकडे जाते आणि एकदा एका दरीत उतरली की सहसा दुसरीत जात नाही. चित्राची दुसरी बाजू कमी लोक पाहतात. डोंगराच्या पोटाखालून दोऱ्या ताणलेल्या आहेत, त्या खुंट्यांना बांधल्या आहेत, आणि दऱ्यांचा आकार त्या दोऱ्यांच्या ताणावर ठरतो. खुंट्या म्हणजे जनुके.

अमरावती जिल्ह्यातल्या वाचकाला हे चित्र घरबसल्या दिसेल. मोर्शीत पडलेला पाऊस वर्धा नदीत जातो, तिथून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात. दर्यापुरात पडलेला पाऊस पूर्णेत, पूर्णा तापीत, तापी अरबी समुद्रात. एकाच जिल्ह्यावरचा एकच ढग. थेंब कुठे पडला एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो. फरक इतकाच, की इथल्या डोंगराखाली दोऱ्या ओढणारे कोणी नाही. गर्भात आहेत, आणि घसरत जाणारी गोटीच त्यांतल्या काही दोऱ्या ओढत जाते.

इथे माझा लेखकाशी एक वाद आहे आणि तो मी प्रस्तावनेतच उरकून घेतो. सहाव्या प्रकरणात त्यांनी काही प्रथिनांना 'मास्टर स्विच' म्हटले आहे. उदाहरण झकास आहे. १९९५ साली वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत माशीचे 'आयलेस' नावाचे जनुक तिच्या पायाच्या आणि पंखाच्या जागी सुरू केले, तर तिथे डोळे उगवले. लाल, पैलूदार, माशीचे डोळे. मग उंदराचे तेच जनुक माशीत घातले. तरीही डोळा उगवला, पण माशीचा, उंदराचा नव्हे. लेखकाला यात मास्टर दिसतो. मला यात शेंदूरजन्याचे म्हातारे दिसतात. ते जंबेरीत संत्र्याचा डोळा भरतात, पण डोळा फुटतो तो मुळाने पाणी दिले तर, साल जुळली तर, हंगाम असेल तर. उंदराच्या जनुकाने फक्त 'डोळा करा' म्हटले. कसला डोळा, हे माशीच्या बाकीच्या पेशींनी आपल्या रिवाजाप्रमाणे ठरवले. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशीला पुन्हा गर्भावस्थेत नेले तेही एका प्रथिनाने नव्हे, चार प्रथिनांनी मिळून, आणि तरी हजारांतल्या मोजक्याच पेशी वळल्या. मुकादम ओरडला म्हणून जीन सुरू होत नाही. लाईन लागते, कापूस लागतो, माणसे लागतात. लेखकाने शब्द बदलला नाही. हट्टी आहेत, पूर्वीही होते.

आता एका गोष्टीसाठी थांबतो. माझ्या मते या पुस्तकाची खरी गरज तिथेच आहे. आमच्या भागात अजूनही ग्रहण लागले की पोटुशी बाई घरात कोंडली जाते. विळीवर चिरायचे नाही, सुई धरायची नाही, मांडी मोडून बसायचे नाही. आणि मूल दुभंगलेल्या ओठाचे झाले की म्हातारी पहिला प्रश्न सुनेला विचारते, "गिरानात काय कापलं होतं?" मी एका सुनेला ओळखतो जी वीस वर्षे हे ऐकत आली आहे. ग्रहणाच्या दिवशी तिने एक कांदा कापला होता, हे तिला स्वतःलाही पटले आहे.

माणसाच्या गर्भात वरचा ओठ जुळतो तो सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास. नाकाच्या दोन बाजूंनी आणि मधून मांसाचे उंचवटे पुढे सरकतात, एकमेकांना टेकतात, त्यांच्यामधला पेशींचा पडदा विरघळतो आणि सांधा मिटतो. त्या सुमाराला पुष्कळ बायकांना नुकते कुठे कळत असते की दिवस गेले आहेत. हा सांधा जुळवणाऱ्यांत 'आयआरएफ ६' नावाचे एक नियामक प्रथिन आहे. २००२ साली स्पष्ट झाले की त्याच्या जनुकातल्या बिघाडाने पिढ्यानुपिढ्या दुभंगलेले ओठ चालत येतात, काही घराण्यांत. पुढे असेही आढळले की या जनुकापासून थोडे दूर, ज्या तुकड्यावर दुसरे एक प्रथिन येऊन बसते तिथे एका अक्षराचा फरक असेल, तर दुभंगाचा धोका वाढतो. जनुक ठीक, प्रथिन ठीक, बसायच्या जागेतले एक अक्षर वेगळे. प्रत्येक दुभंगलेल्या ओठामागे हेच कारण असते असे नाही. अनेक जनुके मिळून असतात, आईला काही औषधे चालू असणे, धूम्रपान, अशीही कारणे असतात. कांदा त्यांत नाही. ते एक अक्षर बापाकडूनही येऊ शकते, हेही म्हातारीला कोणीतरी सांगायला हवे.

मज्जारज्जूची नळी तर त्याहूनही आधी मिटते, गर्भ चार आठवड्यांचा होईतो. ती उघडी राहू नये म्हणून फॉलिक ॲसिड लागते, हे १९९१च्या मोठ्या चाचणीने पक्के केले. उंदरांत 'पॅक्स ३' नावाच्या नियामक प्रथिनात बिघाड असेल तर ही नळी उघडी राहते, आणि तिथेही फॉलिक ॲसिडने काही पिल्ले वाचतात. आमच्याकडे अंगणवाडीत नाव नोंदले जाते बहुधा तिसऱ्या महिन्यात, गोळ्या त्यानंतर सुरू होतात. अंगणवाडीताईंचा यात दोष नाही. बाई येते तेव्हाच त्या देणार. पण तोवर ती नळी मिटून कितीतरी आठवडे झालेले असतात. धारणी-चिखलदऱ्याकडच्या लहान वयात लग्न झालेल्या मुलींना हे कोण सांगणार, हा मला यामानाकांच्या चार प्रथिनांइतकाच महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्यासाठी हे पुस्तक मराठीत आहे ते बरे झाले, आणि त्यातले नववे प्रकरण वेगळे छापून आशाताईंच्या हाती द्यावे असे मी लेखकाला सुचवले आहे.

पुस्तकात चुका नाहीत असे मी म्हणणार नाही. बाराव्या प्रकरणात नावे फार झाली आहेत, आणि आकृत्यांतले बाण कुठून कुठे जातात हे समजायला मला भिंग घ्यावे लागले. वाचकाने तिथे अडू नये, पुढे जावे, मग परत यावे. मी तसेच केले.

राहता राहिला तो तिसरा कोंब. म्हाताऱ्यांनी बांधावर फेकला तेव्हा मी तो उचलून रुमालात गुंडाळला आणि बसमधून घरी आणला. परसात नळाशेजारी लावला. चार वर्षे नुसते काटे. सातव्या वर्षी फुले आली, आठव्या वर्षी पाच फळे. जंबेरीहून लहान, लिंबाहून मोठे, साल जाड, रस आंबट आणि शेवटी किंचित कडसर. आई कोण ते ठाऊक होते; बाप वाऱ्यावर आला की मधमाशीच्या पायांवर, कोणास ठाऊक. लेखक परवा हस्तलिखित घेऊन आले तेव्हा जेवायला थांबले. पानात लोणचे होते. कशाचे, असे त्यांनी विचारले. बायको म्हणाली, "नाव नाही त्याला. यांनी आणलंय कुठून तरी."